नवशिक्यांचा कॉर्न स्नेक संच : मराठवाड्यात एक उन्हाळा काढल्यानंतर

गेल्या वर्षी सप्टेंबरात पुण्यातील एका दुकानातून मी कॉर्न स्नेकचे एक पिल्लू आणि त्याच्यासोबत ‘नवशिक्यांसाठी संपूर्ण संच’ म्हणून विकला जाणारा सामानाचा खोका घेतला. त्याला आता वर्ष उलटले असून मधल्या काळात छत्रपती संभाजीनगरचा एक अख्खा उन्हाळा येऊन गेला आहे, त्यामुळे या संचाविषयी थोडे ठामपणे लिहिता येईल असे वाटते. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार मी त्यांना लेखी कळवली आहे आणि थोड्याफार फरकाने असेच संच इतरत्रही विकले जातात. मत आधीच सांगते : खोक्यातील पेटी उत्तम आहे, बाकीचे सामान आपल्या हवेचा विचार न करता भरलेले आहे, आणि ज्यासाठी एक रुपयाही मोजावा लागला नाही ती गोष्ट, म्हणजे आमच्या शहरात महिन्यातून एका रविवारी जमणारी साप पाळणाऱ्यांची बैठक, संपूर्ण खोक्यापेक्षा अधिक कामाची ठरली.

ज्यांना या प्राण्याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगावे लागेल. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातील बिनविषारी साप असून भक्ष्याला विळख्यात आवळून मारतो. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू वीतभर किंवा त्याहून थोडे लांब आणि पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. पूर्ण वाढलेला साप साधारण तीन ते पाच फुटांचा होतो आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबडे मोठे डाग आणि पोटाखाली काळ्या-पांढऱ्या चौकटी असे त्याचे रूप असते. त्या चौकटी रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले असे एक मत आहे, तर मक्याच्या कोठारात उंदरांच्या मागावर तो सापडत असे म्हणून पडले असे दुसरे. सिल्लोड-कन्नडकडे मक्याच्या कणसांच्या ढिगाऱ्यात धामण शिरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना दुसरे मत लगेच पटेल. माझ्या मुलाने मात्र वादात न पडता सापाचे नाव ‘मका’ ठेवले.

संचापूर्वी कागदांविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण याच बाबतीत या दुकानाला मी पूर्ण गुण देते. नाग, धामण, तस्कर, कवड्या, डुरक्या घोणस असा कोणताही देशी साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तो बिनविषारी असला तरी, आणि ‘शेतात सापडला, दोन दिवस ठेवला’ असे सांगितले तरी. विदेशी सापांची गोष्ट वेगळी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंद करावी लागते, आणि त्यासाठी २०२४ मध्ये स्वतंत्र नियम येऊन परिवेश या सरकारी संकेतस्थळावर ती सोय झाली. बॉल पायथन हा पाळला जाणारा आफ्रिकी अजगर या यादीत येतो; कॉर्न स्नेक येत नाही. याचा अर्थ तो कोणीही कुठूनही आणावा असा मुळीच नाही, कारण जिवंत प्राण्याच्या आयातीला परवाना आणि विलगीकरण या दोन्ही गोष्टी लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले अकरा साप महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले, त्यांपैकी नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक होते. त्यामुळे ‘पिल्लू भारतातच अंड्यातून निघाले आहे’ एवढ्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. या दुकानाने मला जातीचे शास्त्रीय नाव, पिल्लू अंड्यातून निघाल्याची तारीख, पैदास करणाऱ्याची माहिती आणि त्याच्या मूळ जोडीची कागदपत्रे यांच्या प्रती पावतीसह दिल्या, आणि त्या मी मागण्यापूर्वी दिल्या. ज्या दुकानात पावती मागितल्यावर मालक चहा मागवतो तिथून उठून यावे.

आता खोका. त्यासाठी मी ६,८०० रुपये दिले. पिल्लाची किंमत वेगळी. आत दोन फूट लांबीची, पुढून सरकत्या काचेची पेटी, उष्णता देणारी चटई, चिकटवायचा गोल तबकडीचा तापमापक आणि तसाच आर्द्रतामापक, लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या दोन गुहा, पाण्याचे भांडे, नारळाच्या काथ्याच्या भुशाची एक पिशवी, लांब चिमटा आणि इंग्रजीतील सोळा पानांची पुस्तिका असे सामान निघाले.

पेटीचे कौतुक करताना हात आखडता घेणार नाही. कॉर्न स्नेक पळून जाण्यात वाकबगार असतो. डोके जाईल एवढी फट मिळाली की बाकीचे अंग मागाहून येतेच. पेटीच्या काचा एकमेकींवर घट्ट बसतात, कुलूप बसवण्याची सोय आहे आणि हवेची छिद्रे इतकी बारीक आहेत की पहिल्या महिन्यातले पिल्लूसुद्धा त्यांतून निसटले नाही. वर्षभरात एकदाही साप बाहेर गेला नाही. साप मोठा झाल्यावर ती अपुरी पडेल आणि किमान चार फुटांची घ्यावी लागेल, हे मात्र खोक्यावर कुठेही लिहिलेले नाही. गुहा आणि भांडे ठीक आहेत. भुसाही चांगला होता, पण तो संपल्यावर वखारीतून लाकडाचा भुसा आणण्याचा मोह टाळावा, कारण देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडातील तेले सापाला अपायकारक असतात. मी सध्या जुनी वर्तमानपत्रे अंथरते. ती फुकट मिळतात आणि विष्ठा लगेच दिसते.

खरी तक्रार चटईची आहे. अशी चटई तापमान-नियंत्रकाशिवाय चालवणे धोक्याचे असते, कारण तिला स्वतःहून थांबता येत नाही, आणि साप अंगाखालची उष्णता चटकन ओळखून बाजूला होत नसल्याने भाजेपर्यंत तिथेच पडून राहू शकतो. संचात नियंत्रक नव्हता. दुकानात विचारले तेव्हा ‘एवढ्या छोट्या चटईला लागत नाही, मॅडम’ असे उत्तर मिळाले. घरी आल्यावर मी चटईवर तारेचा डिजिटल तापमापक ठेवला, तर दोन तासांत पेटीच्या तळाचे तापमान ४६ अंशांवर गेले. त्याच वेळी भिंतीला चिकटवलेला तबकडीचा तापमापक शांतपणे २९ दाखवत होता. कॉर्न स्नेकला पेटीच्या एका टोकाला २९ ते ३१ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश असे दोन प्रकारचे हवामान लागते, म्हणजे तो आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातो. ४६ अंश हे त्याच्यासाठी तापलेल्या तव्यासारखे आहे. ज्या खोक्यावर ‘संपूर्ण’ हा शब्द छापला आहे त्यात सर्वांत आवश्यक वस्तू नसावी आणि सर्वांत निरुपयोगी तबकडी असावी, याला काय म्हणावे हे वाचकांनी ठरवावे. पिल्लू मी तोपर्यंत पेटीत सोडले नव्हते हे त्याचे नशीब.

शिवाय चटईचा प्रश्न आपल्याकडे वर्षातले तीन महिनेच येतो. संचातील पुस्तिका थंड देशातील घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असल्याने साप उबदार कसा ठेवावा यावर त्यात सहा पाने आहेत आणि थंड कसा ठेवावा यावर एक ओळ : ‘थेट उन्हात ठेवू नका.’ मे महिन्यात गारखेड्यातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पंखा चालू असतानाही खोलीचे तापमान ३८ अंशांवर जाते, आणि तापमान दीर्घकाळ ३५ अंशांच्या पुढे राहिले तर या सापाच्या जिवावर बेतते. त्यात वीज जाते. त्यात हवा इतकी कोरडी असते की कात तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरची पारदर्शक खपली मागे राहण्याची भीती असते. पहिल्या उन्हाळ्यापूर्वी मला हे कोणी सांगितले असेल तर ते दुकानाने नाही, बैठकीतल्या माणसांनी.

त्या बैठकीशी गाठ कशी पडली तेही सांगण्यासारखे आहे. पिल्लू आणून जेमतेम पंधरा दिवस झाले असतील, तोच आमच्या इमारतीच्या वाहनतळात सहा फुटांची धामण निघाली आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सगळ्यांना सांगितले की ‘वरच्यांचा साप सुटला’. माझा साप तेव्हा एका ताटलीत मावत होता. पण भेदरलेल्या माणसांना मापे सांगून उपयोग नसतो, म्हणून सर्पमित्राला बोलावले. त्यांनी धामण अलगद पिशवीत घेतली, वनविभागाला कळवण्यासाठी नोंद केली आणि नंतर वर येऊन मकाला पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, साप आणणं सोपं हाय. उन्हाळा काढणं अवघड. रविवारी या आमच्याकडं, तिथं लोक भेटतील.’

बैठकीला आठ-दहा जण येतात. नाव नाही, वर्गणी नाही, फलक नाही. कधी सिडकोत कुणाच्या गच्चीवर, कधी जालन्यातील एका शिक्षकांच्या घरी. या मंडळींत दोन सर्पमित्र आहेत, औषधनिर्माणशास्त्र शिकणारा नांदेडचा एक विद्यार्थी आहे, बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई आहेत आणि अंबडचे एक काका आहेत, जे सर्वांत जुने असून सर्वांत कमी बोलतात. पहिल्या भेटीत माझी जी तपासणी झाली ती नोकरीच्या मुलाखतीतही झाली नव्हती. पावती पाहिली गेली. पिल्लाने शेवटचे कधी खाल्ले, शेवटची कात कधी टाकली, एका तुकड्यात टाकली का, घरी आणल्यापासून किती वेळा हातात घेतले, असे प्रश्न आले. शेवटच्या प्रश्नाला ‘रोज’ असे उत्तर दिल्यावर जालन्याच्या सरांनी कपाळाला हात लावला. नव्या घरी आलेल्या पिल्लाला आठवडाभर हात लावू नये, आणि खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस तर नाहीच, नाहीतर ते खाल्लेले ओकून टाकते. हे पुस्तिकेत होते, पण बारीक अक्षरात बाराव्या पानावर.

उन्हाळ्याची खरी विद्या अंबडच्या काकांकडे निघाली. त्यांचे घर माळवदाचे आहे. हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडी पाटणावर मातीचा थर, आणि आतल्या खोलीत भर दुपारीही बाहेरच्या मानाने गारवा. त्या खोलीत देवळीखाली त्यांच्या दोन सापांच्या पेट्या आहेत आणि मे महिन्यातही त्यांना यंत्र लावावे लागत नाही. सिमेंटच्या घरात राहणाऱ्या आमच्यासाठी त्यांनी सुचवलेला उपाय असा : पेटीच्या थंड टोकाला बाहेरून पाण्याने भरलेला मातीचा माठ टेकवून ठेवावा, त्याला ओले गोणपाट गुंडाळावे आणि पंख्याचा झोत त्यावरून जाऊ द्यावा. हवा कोरडी असल्याने पाणी भराभर उडते आणि त्याबरोबर उष्णता घेऊन जाते. हाच उपाय कोकणात फसेल, कारण तिथे हवेतच पाणी असते. पेटीच्या आत, फुटलेल्या मडक्याचा अर्धा भाग भिजवून पालथा ठेवला की साप त्याखाली जाऊन बसतो आणि कातही अखंड निघते. वीज गेल्यावर पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या छतावर ठेवायची, आत कधीही नाही. या सगळ्याने माझ्या पेटीचे थंड टोक एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक दिवस ३० अंशांच्या आत राहिले. ज्या चार दिवसांत तेही जमले नाही त्या दिवसांत मका अंबडला काकांकडे पाहुणा म्हणून राहून आला. दुकानाच्या ‘विक्रीपश्चात मार्गदर्शन’ क्रमांकावर मी त्याच आठवड्यात तीन वेळा दूरध्वनी केला होता. एकदाच उचलला गेला आणि खोलीत वातानुकूलन यंत्र बसवण्याचा सल्ला मिळाला.

खाद्याविषयी संच गप्प आहे, आणि नवशिक्यांची गाडी नेमकी तिथेच अडते. पिल्लाला दर सहा-सात दिवसांनी उंदराचे नवजात पिल्लू लागते, ज्याला पाळणारे ‘पिंकी’ म्हणतात. साप वाढेल तसे भक्ष्य मोठे होत जाते आणि मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांतून एकदा दिले तरी पुरते. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त असावी. जिवंत उंदीर देऊ नये, कारण तो सापाला चावून जखमी करू शकतो; गोठवलेला आणून तो शीतकपाटात हळूहळू वितळवून, मग कोमट पाण्यात पिशवीसकट ठेवून, ऊब आल्यावर चिमट्याने द्यावा. आमच्या घरी सासूबाई माळकरी आहेत. कांदा-लसणाचा डबा वेगळा ठेवणाऱ्या घरात उंदरांचा डबा कुठे ठेवायचा या प्रश्नावर आठवडाभर कुणी नीट जेवले नाही. शेवटी बाल्कनीत जुना छोटा फ्रीजर आला आणि त्याची किल्ली माझ्याकडे राहिली. वीज सहा तास गेली आणि डब्यातले वितळले तर ते पुन्हा गोठवू नये, टाकून द्यावे. बैठकीतील पाच जण मिळून खाद्य एकत्र मागवतात, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाटला जातो आणि एकाचा साप रुसला तर खाद्य वाया जात नाही. नवे लोक जोडून घेण्याचा एवढा रोकडा फायदा दुसऱ्या कुठल्या छंदात असेल असे वाटत नाही.

बैठकीचे गुण गायले म्हणून तिचे दोष लपवण्याचे कारण नाही. वेळ अकराची असते आणि लोक साडेबाराला येतात. बोलणे लवकरच मॉर्फकडे, म्हणजे रंगांच्या वाणांकडे वळते, आणि मग काळे रंगद्रव्य नसलेला, लाल नसलेला, दोन्ही नसलेला असे जे सुरू होते त्यात नवशिक्याला तास दीड तास नुसते बसून राहावे लागते. काहींना प्रत्येक भेटीत नवा साप घेतल्याचे सांगायचे असते. सापांना एकमेकांच्या पेटीत ठेवणे, एकाला हाताळल्यावर हात न धुता दुसऱ्याला घेणे हे प्रकार पूर्वी होत, असे सर सांगतात. आता दारातच साबण असतो आणि नव्या सापाला निदान महिनाभर वेगळे ठेवल्याशिवाय बैठकीत आणू दिले जात नाही. हात धुणे माणसांसाठीही महत्त्वाचे आहे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि म्हणून लहान मुले असलेल्या घरात हा छंद जास्तच जपून करावा लागतो.

सर्पमित्रांचा एक आग्रह मला सुरुवातीला अतिरेकी वाटला होता, आता वाटत नाही. पाळीव सापाला हातात घेतलेले फोटो गल्लीत दाखवत फिरू नये, असे ते सांगतात. ज्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप शेतात-घरात निघतात, तिथे ‘अमक्याच्या घरी मुले सापाशी खेळतात’ एवढे ऐकून एखादे पोर कवड्या समजून मण्यार उचलू शकते. आमच्या मजल्यावर तर नागपंचमीला शेजारच्या वहिनी दुधाची वाटी, लाह्या आणि हळद-कुंकू घेऊन दारात उभ्या राहिल्या. साप दूध पीत नाही हे मी सांगितले, पण वाटी परत पाठवणे जिवावर आले. लाह्या आम्ही खाल्ल्या, आणि त्यांच्या मुलाला पेटीसमोर बसवून अर्धा तास हेच समजावले की हा साप अमेरिकेतला आहे, आणि वावरात दिसेल त्याला हात लावायचा नाही.

डॉक्टरांची चौकशी साप घेण्यापूर्वी करावी. परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण गायी-म्हशींचा डॉक्टर आणि सापाचा अनुभव असलेला डॉक्टर यांत फरक असतो. बैठकीतील लोक एका डॉक्टरांकडे जातात. त्यांचा पत्ता मला दुकानातून मिळाला नव्हता.

मका आता सव्वादोन फुटांचा झाला आहे आणि महिन्याभरापूर्वी त्याने कात एका तुकड्यात टाकली. दुकानाला मी जुलैत पत्र लिहून कळवले की संचात नियंत्रक घालावा, तबकडीऐवजी तारेचा डिजिटल तापमापक द्यावा आणि पुस्तिकेत उन्हाळ्यावर मराठीत दोन पाने जोडावीत. किंमत हजार-दीड हजाराने वाढली तरी चालेल. उत्तर आलेले नाही. तोपर्यंत कोणी विचारले तर मी रिकामी पेटी तेवढी या दुकानातून घ्यायला सांगते, नियंत्रक व तापमापक वेगळे घ्यायला सांगते, आणि पिल्लू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच आणायला सांगते, म्हणजे मार्चपर्यंत त्याला अंग धरायला आणि आपल्याला माठ शोधायला सहा महिने मिळतात. संचातील चटई सध्या जालन्याच्या सरांकडे आहे. त्यांच्याकडे नवे पिल्लू आले आहे आणि डिसेंबरात त्यांना ती लागेल, अर्थात नियंत्रक लावून.